दोन वाजताची गाडी

१४ सप्टेंबर, खालचं गाव

गोऱ्या भाऊजी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. ट्रकवाला मेडेर उद्या लोकरीचं भाडं घेऊन तुमच्या येकातेरिनबुर्गला निघतोय. त्याला बजावलंय की नुसतं देऊन पळू नकोस, वाचून होईपर्यंत समोर उभा राहा. तेव्हा त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवू नकोस, मुकाट्याने वाच.

अपाचं काही खरं नाही. गुरुवारी मी तिसऱ्या गल्लीतल्या लुळ्या म्हाताऱ्याला अंघोळ घालायला गेले होते, माझं नेहमीचं काम. परत येताना गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "काय हो, तुमच्या सासूबाई रोज दोन वाजता वरच्या थांब्यावर उभ्या असतात. कुठे जायचं विचारलं तर कुठेच नाही म्हणतात." रोज! आठवडाभर सगळं गाव बघतंय आणि मला सांगायचं एकाच्याही मनात आलं नाही. मी तशीच वर गेले. अंगात बाबांचा कोट, एका पायात रबरी बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. म्हटलं, "अपा, इथे काय करताय?" तर माझ्यावरच डोळे वटारून, "मुलगा शाळेतून येतोय, दिसत नाही का तुला? लवकर जाऊन चहा टाक."

चहा टाकायला गेले तर किटलीचं बूड वितळून चुलीला चिकटलेलं. पाणी न घालताच चढवली होती. वास घरभर. हे दिवसा झालं म्हणून बरं.

तुझ्या दादाला सांगितलं. ते म्हणाले, "धाकट्याचं घर, धाकट्याची म्हातारी. मी मध्ये पडलो तर लोक म्हणतील थोरल्याने धाकट्याचा मान मारला." आणि घोडी बघायला निघून गेले. त्या घोडीला काही झालेलं नाही, पण घरात नको असलेला विषय निघाला की तिचा पाय हमखास दुखतो. बिश्केकला तुर्सुनाय वन्संना कळवलं, तर त्यांनी फोनवर सात मिनिटांचं रडणं भरून पाठवलं. मी सगळं ऐकलं. त्यात येते असा शब्द एकदाही नव्हता.

मी दिवसभर हेच करते रे. लोकांच्या घरी बसून सांगते, हे बघा, म्हातारं माणूस एकाएकी आजारी पडत नाही, हळूहळू पडतं. पडायच्या आधी बसा, कोण काय करू शकतो ते बोला. लोक माझं ऐकतात, मला तळलेले बोर्सोक बांधून देतात. आणि माझ्या घरात माझं कोण ऐकतं? घोडीसुद्धा नाही.

तुझ्याशिवाय ती कोणाचं ऐकत नाही हे तुला माहीत आहे. एक फोन कर. त्या दिवशीचं मनात धरून बसू नकोस. बोलण्याच्या भरात माणूस काहीबाही बोलून जातं.

तुझी वहिनी,
बुरुल


५ ऑक्टोबर, खालचं गाव

गोऱ्या भाऊजी,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी लिहायला हात झिजले असते ना तुझे! मेडेरच्या तोंडी निरोप पाठवलास. बिचारा सांगताना आपल्या जोड्यांकडे बघत होता. "म्हणाला, नातवाला कशाला विचारता, मुलांना विचारा." मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. 

ठीक आहे. तू विसरला नाहीस, तर मीही विसरल्याचं सोंग कशाला करू? बोलण्याच्या भरात गेलं असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. मी ठरवून बोलले होते. आठ दिवस मनात घोळवून बोलले होते.

बाबा गेल्यावर त्यांच्या चाळिसाव्याला तू पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत फिरत होतास. धाकट्या मुलाचं काम. चाळीस दिवसांपूर्वी बाबांना ठेवलेल्या तंबूबाहेर काठीवर वाकून मुलांच्या रांगेत तूच मोठ्याने रडला होतास, तुझ्या दादापेक्षा मोठ्याने. जेवणं झाली, वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे म्हटलं, घर धाकट्याचं, आई धाकट्यापाशी. आणि मी, सून, हातात डाव घेऊन दारातून म्हणाले, "तो कुठला धाकटा? तो नातू आहे. बाबांना मुलगा एकच, माझा नवरा."

 तू पाण्याचा तांब्या खाली ठेवलास, अगदी हळू, सांडू न देता. आठव्या दिवशी रशियाला निघून गेलास.

मला ते घर माझ्या मुलासाठी, एर्मेकसाठी हवं होतं. त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांना वेगळं घर पाहिजे होतं. झालं काय? लग्न झालं, नवी सून वर एक महिना राहिली, चुलीत शेण्या घालायला लागतात म्हणून नाक मुरडलं आणि दोघं बिश्केकला गेली. घर आहे तिथेच आहे, त्यात म्हातारी एकटी आहे. तू इथे होतास तेव्हा तिची चूल, बटाटे, गाय, डॉक्टर, सगळं तू बघत होतास आणि आम्ही त्याला काम म्हणतच नव्हतो. एका वाक्यात मी तिच्या हातातली काठी काढून घेतली.

आता आमची हुशारी ऐक. घर घ्यायची वेळ आली तेव्हा तू नातू. म्हातारी सांभाळायची वेळ आली तर तू धाकटा मुलगा. तुझा दादा हे तोंडावरची रेष न हलवता बोलतो. मी म्हटलं, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" तर म्हणाले, "सुरुवात तू केलीस." 

मग म्हटलं सरकारी मदत बघू. आमच्याच कचेरीत गेले, माझ्याच वरच्या बाईपुढे अर्ज ठेवला. ती म्हणाली, "बुरुल, तूच तर लोकांना सांगतेस, यादीत फक्त ज्यांना मूलबाळ नाही ती माणसं. तुझ्या सासूबाईंना कागदावर दोन मुलगे आहेत." खरंच आहेत. तुझ्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव अपाचं आहे. माझं नाव कुठेच नाही. मी कचेरीत उभी राहून माझा अर्ज परत घडी घालून पिशवीत टाकला.

मग सगळ्यांना बोलावून बसवलं. तुर्सुनाय वन्सं आल्या, आल्या आल्या आईच्या गळ्यात पडून रडल्या, मग पोटभर जेवल्या. मी कागद काढला, लोकांच्या घरी काढते तसा. सकाळ कोण, दुपार कोण, डॉक्टर कोण, लाकूडफाटा कोण. वन्सं म्हणाल्या, "हे काय वहिनी, आपली आई म्हणजे तुमच्या कचेरीतली केस आहे का?" तुझ्या दादाने कागदाची मागची बाजू बघितली, तिथे काही लिहिलंय का म्हणून. मग घोडी आठवली. कागद कोरा राहिला. शेवटी असं ठरलं, म्हणजे मला सोडून बाकीच्यांचं ठरलं, की अपाला खाली माझ्याकडे आणायचं.

आणलं. पाच दिवस. चांगली बसायची, चहा प्यायची, जर्दाळूचा मुरांबा खायची, आणि मग दोन्ही हात तोंडावरून फिरवून उठायच्या आधीचं ओमिन म्हणायची, काठी घ्यायची आणि उठायची. "चला, बसणं झालं. देव तुमचं भलं करो. मुलगा शाळेतून येईल." पाहुणी! दर चहाला पाहुणी. दिवसात सहा वेळा मी तिला दारातून परत आणलं. सहाव्या दिवशी मी लुळ्या म्हाताऱ्याकडे गेले होते, तर ती दुपारच्या गाडीत बसून वर गेली. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत, वर आशीर्वाद घेतला. मला मात्र शिव्या देऊन गेला.

तुला काय सांगू? मुलगा म्हणून ये म्हणायला मला तोंड नाही. नातू म्हणून ये म्हटलं तर तू हसशील. पण ती तिथे थांब्यावर उभी असते ती माझी वाट बघत नाही.

बुरुल


२७ ऑक्टोबर, वरचं गाव

गोऱ्या भाऊजी,

पत्ता बघितलास? मी वर राहायला आलेय.

अपा पालथी पडली. थांब्याजवळच्या पाण्याच्या पाटावरची फळी ओली होती. मनगट मोडलं, डाव्या हाताचं. नारिनला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर पोरगेलासा होता. मला म्हणाला, "यांना एकटं ठेवायचं नाही, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं." माझ्या अंगावर कचेरीचा बिल्ला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्याच दिवशी गादी आणि दोन भांडी घेऊन वर आले. तुझ्या दादाला सांगितलं, "मी चालले. तुम्ही आणि तुमची घोडी सुखाने राहा." ते म्हणाले, "जेवणाचं काय?" म्हटलं, "धाकट्याला विचारा."

आता जे लिहिते ते नीट वाच. मेडेर समोर उभा असेल तर त्याला म्हणावं, जरा गाडीत जाऊन बस.

मंगळवारी सकाळी मी तिचे केस विंचरत होते. एका हाताने तिला जमत नाही. ती आरशात माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "आलीस का? पाजून घे आणि जा. रडायचं नाही हं. रडलीस की दूध आटतं."  अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती हेच म्हणायची, याच खोलीत, याच आवाजात.

तुला हे माहीत आहे, गावाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही आपल्याकडची रीत. कोणी हिसकावून घेतलं नाही. तू जन्मल्यावर चाळिसाव्या दिवशी अपाने माझ्या डोक्यावर नवा पांढरा रुमाल बांधला आणि तुला उचललं. घरभर हसणं, मेंढी कापलेली. मीही हसले. विसाव्या वर्षी बाईला कळतं काय? वर्षभर मी खालून चालत यायची, पाजायची आणि जायची. मग तू अपाला अपा म्हणालास, तुझ्या बापाला दादा म्हणालास आणि मला वहिनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि दिराचं नाव सुनेने घ्यायचं नाही, म्हणून मला तुझं नाव घेता येईना. दुसरं नाव शोधावं लागलं. उन्हाने तू कोळशासारखा काळा झालेला असायचास, म्हणून मी गोऱ्या म्हणाले. सगळे हसले, तूही हसलास, तेच चिकटलं. माझ्या पोटच्या पोराला मी आजपर्यंत एकदाही त्याच्या नावाने हाक मारलेली नाही. तुझं नाव ठेवलं अपाने. मला आवडलं का, हे कोणी विचारलं नाही. मला फार आवडलं होतं.

मी तिचा राग केला रे. अठ्ठावीस वर्षं केला. एर्मेक झाला, तो माझ्याजवळ राहिला, तरी केला. ती तुझ्या डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा मी चुलीकडे तोंड करायची. बाबांच्या चाळिसाव्याला मी तुला नातू म्हणाले ना, त्यात घराचा लोभ होता, पण तेवढंच नव्हतं. एकदा तरी चारचौघांत म्हणायचं होतं की तो तिचा नाही. ते बोलणं तुझ्यावर पडलं. माझा तोल गेला आणि मार तुला बसला. मला माफ कर असं लिहायला बसले होते, लिहून टाकलं.

आता शेवटचं. काल दुपारी तिला थांब्यावर घेऊन गेले. आता मीच नेते, अडवण्यात काही अर्थ नाही. हात धरते, दोघी उभ्या राहतो, गाडी येते, कोणी उतरत नाही, परत येतो. काल परतताना ती पाटाशी थांबली आणि मला म्हणाली, "सुने, तुझं पोर घेऊन जा. मी म्हातारी झाले. त्याच्यामागे धावणं होत नाही. तुझं आहे, तू ने."

बघ आता! किती वर्षं वाट बघितली मी या वाक्याची. रोज मनातल्या मनात तिच्या तोंडी घातलं होतं. आणि ते आलं तेव्हा तिने प्लास्टरचा हात छातीशी धरला होता, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणाले, "नाही अपा. तो तुमचाच आहे. तुम्ही वाढवलाय." ती एवढ्या जोराने श्वास सोडून म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं तू नेतेस." मग घरी येऊन मांडी घालून चहा प्यायली. तीन पेले.

मी मात्र गोठ्यात जाऊन रडले. दूध आटायची आता काही भीती नाही.

तुला यायला सांगत नाही. मी इथे आहे. तिला एकटं ठेवणार नाही. एवढंच कळवायचं होतं.

बुरुल


१६ नोव्हेंबर, वरचं गाव

आज मायना घातलेला नाही. गोऱ्या लिहायला घेतलं आणि हात चालेना.

पहिलं घरचं सांगते, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर येईल. बर्फ पडलं. तुझा दादा तीन आठवडे खाली एकटा राहिला, करपलेला रस्सा खाऊन दहाव्या दिवशी त्याला आई आठवली, पण ताठा मोडून यायला आणखी अकरा दिवस लागले. शनिवारी घोडीसकट वर आला. दारात उभा राहून म्हणाला, "गवत इथे जास्त आहे." म्हटलं, "या, गवतासाठी का होईना." आता सकाळी चूल तो पेटवतो, मी कामाला जाते तेव्हा आईजवळ बसतो. बटाटे सोलतो तेव्हा साल जाड काढतो, मी बघते आणि दात ओठ खाऊन गप्प बसते. वन्संना मी स्पष्ट सांगितलं, रडून पाठवू नका, महिन्यातले दहा दिवस या. "माझा संसार?" म्हणाल्या. "मग माझी काय भातुकली आहे?" म्हटलं. पहिले दहा दिवस सोमवारपासून येतायत. येतील तेव्हा खरं. एर्मेकने त्या फळीला दोन्हीकडून कठडा लावला, एका दिवसाला आला आणि लावून गेला. तो कोरा कागद भिंतीवर लावलाय, त्यावर चार नावं आलीत. कोणाच्या नावापुढे मुलगा, नातू असं काही लिहिलेलं नाही. नुसते वार.

आता परवाचं.

फोन वाजला तेव्हा मी अपाच्या पायाला तेल लावत होते. नंबर ओळखीचा नव्हता. मी नेहमीसारखं वैतागून "कोण?" म्हटलं आणि पलीकडून तू म्हणालास, "वहिनी, अपाला द्या." दोन वर्षांनी आवाज ऐकला. मी फोन तिच्या कानाला लावला. तू किती वेळ बोलत होतास. ती ऐकत होती, मान हलवत होती. मग तुला म्हणाली, "बाळा, आवाज चांगला आहे तुझा. कोणाचा रे तू? माझा मुलगा शाळेत गेलाय, दोन वाजता येईल. मग कर."

आणि फोन माझ्या हातात दिला. तू रडत होतास, ते मला ऐकू येत होतं. आणि मग तू विचारलंस, "वहिनी, मी आलो तर कोण म्हणून येऊ?"

मी काही बोलले नाही आणि तू फोन ठेवलास. दोन दिवस स्वतःला शिव्या घालतेय. घरोघरी जाऊन बोलणारी बाई मी, अख्ख्या तालुक्याला शहाणपण शिकवते, आणि माझ्या पोराने सरळ प्रश्न विचारला तर माझं तोंड शिवलं. मेडेर उद्या निघतोय. म्हणून आता उत्तर लिहिते.

मला माहीत नाही. रीतीने तू मुलगा, रक्ताने नातू, माझ्या जिभेने काहीच नाही. रीत मोडली ती मी, ती परत कशी जोडायची ते मला येत नाही. ती तुला आता ओळखणार नाही, हेही खोटं सांगत नाही. तू तिच्यासमोर बसशील आणि ती शाळेतल्या तुझ्यासाठी तुझ्याच पुढ्यातून उठून जाईल. सोसायचं असेल तर ये, नसेल तर येऊ नकोस. तुझ्यावाचून तिचं अडून राहणार नाही, एवढी सोय झाली आहे. माझं अडलंय.

आलास तर नारिनहून दुपारची गाडी धर, सकाळची नको. दोन वाजता थांब्यावर दोन बायका दिसतील. एकीच्या अंगात बाबांचा कोट असेल. ती तुझ्याकडे बघणार नाही, तुझ्या मागून कोण उतरतं ते बघेल, वाईट वाटून घेऊ नकोस. तिला हात दे, ती धरेल, हात ती अजून कोणाचाही धरते.

दुसरी मी. घरात कोणी नसलं की मी आजकाल तुझं नाव मोठ्याने म्हणून बघते. पहिल्यांदा कोणी ऐकेल म्हणून दाराकडे बघितलं. काल गोठ्यात गायीसमोर नीट म्हटलं. तेव्हा गाडीतून उतरलास आणि कोणी हाक मारली तर दुसरंच कोणीतरी असेल म्हणून पुढे जाऊ नकोस. मागे वळ. मीच असेन.

सागिन.
सागिन, घरी ये.